सिरसाळ्याचा दुभाष्या

“अंब्युलन्स बोलवा! आवो ताई, पळा! म्हातारी गेली! दोघी बी गेल्या!”

कल्पना दाराच्या चौकटीत उभी राहून ओरडत होती. तिच्या हातातलं खिचडीचं ताट तिरपं झालं होतं, आणि तिच्यामागे अंगणात, मार्गशीर्षातल्या त्या सायीसारख्या कोवळ्या उन्हात, दोन वृद्धा एकमेकींच्या गळ्यात पडून असा काही टाहो फोडीत होत्या की काय सांगावं. मी वाढवून सांगतो असा गावाचा माझ्यावर जुना आरोप आहे. तरीही त्या सकाळी तेलगावच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर जागच्या जागी थांबले, रानातली उरलीसुरली कापसाची बोंडं भीतीने एकदम उकलली, आणि बाजारात एका व्यापाऱ्याच्या तोंडून चुकून खरा भाव निघून गेला, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं नसलं तरी शपथेवर सांगायला तयार आहे.

हे घडलं ते आमच्या दिवसघरात. दिवाळीचे दिवे विझले की आमच्या मुलखातली धडधाकट माणसं कोयता, बिऱ्हाड आणि लेकरं घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि गावात नि तांड्यांवर मागे राहतात ती ज्यांना उसाच्या फडात नेण्यात अर्थ नाही अशी माणसं, म्हणजे म्हातारी. त्यांनी दिवसभर कुठे बसावं, कुणाशी बोलावं, दुपारी काय खावं, हा विचार सुनंदाताई नावाच्या एका भल्या बाईंनी केला. त्या बीडहून आल्या, बंद पडलेल्या जिनिंगचं एक गोदाम त्यांनी धुऊन पुसून घेतलं, भिंतींना पांढरा रंग दिला, खुर्च्या मांडल्या, गाद्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी घातल्या. सकाळी नऊला यायचं, पाचला परत जायचं. इतकी वर्षं लोटली तरी भिंतींतून सरकीचा तो कोंदट, तेलकट, काहीसा आईच्या पदरासारखा वास येतो, आणि वरच्या झरोक्यांतून उतरणाऱ्या उन्हाच्या तिरीपेत अजूनही कापसाचे अदृश्य तंतू तरंगत असावेत असा भास होतो.

मी तिथे रोज जातो. म्हातारा म्हणून जात नाही, कार्यकर्ता म्हणून जातो. आता एखाद्या कार्यकर्त्याचं वय एकाहत्तर असलं, त्याचा मुलगा पुण्याला असला आणि दुपारी त्याला कुणी गरम खिचडी वाढली, तर त्याने ती नाकारू नये, इतकंच माझं म्हणणं आहे.

झमकीबाईला तिचा मुलगा परसराम दिवाळीनंतर आमच्याकडे सोडून गेला. ती सिरसाळ्यामागच्या माळावरच्या लमाणी तांड्यातली. रात्री शेजारीण सोबतीला निजायची, प्रश्न होता तो दिवसाचा. आदल्या साली परसरामने आईला फडावर नेलं होतं. तिथे उसाच्या पाचटाच्या कोपीत, त्या हातभर उंचीच्या झोपडीत, पौषातल्या थंडीत तिची छाती अशी भरली की बापडी पांढरीफटक पडली. “औंदा तिकडं नेली तर माघारी येत न्हाई, ताई,” एवढंच बोलून परसरामने आईला दारात बसवलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तो मागे राहिला असता तर बायकोला एकटीला कुणी टोळीत घेतलं नसतं. तो गेला. ट्रॅक्टरच्या मागे उठलेली तांबूस धूळ खाली बसेपर्यंत म्हातारी रस्त्याकडे बघत राहिली.

कपाळाजवळच्या चांदीच्या घुगऱ्या नवऱ्यामागे उतरल्या होत्या, पण ओढणीच्या कडेचे आरसे मात्र तसेच होते. ती खुर्चीवर कधी बसली नाही, दाराशी जमिनीवर बसायची, आणि ऊन सरकत तिच्यापाशी आलं की त्या आरशांतून शे-दोनशे प्रकाशाचे ठिपके गोदामाच्या छतावर उमटायचे. ती हलली की ते हलायचे, ती श्वास घ्यायची तसे तेही श्वास घ्यायचे. दिवसघरातली बाकीची पंधरा माणसं दूरदर्शनसंचाकडे तोंड करून बसत. मी एकटा छताकडे बघत असे.

पहिल्याच दिवशी सुनंदाताई मला म्हणाल्या, “गुरुजी, यांना मराठी जेमतेम बाजारापुरतं कळतं म्हणे. तुम्ही आश्रमशाळेत होता ना? तुम्हाला यांची भाषा येत असेल.”

आता इथे मला थांबता आलं असतं. माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात, की जिथे ‘नाही’ हे दोन अक्षरांचं सरळ उत्तर त्याच्या ओठांवर आयतं बसलेलं असतं. मी त्याला उठवून लावलं.

“येते म्हणजे? ताई, तीस वर्षं काढली मी तांड्यावर! एक वेळ माझं मराठी चुकेल.”

तांड्यालगतच्या आश्रमशाळेत मी नोकरी केली ती आठ महिने, आणि त्यातले दोन उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले. गोरमाटीचे, म्हणजे लमाणांच्या त्या बोलीचे, तीन शब्द मला येत. ‘याडी’ म्हणजे आई, ‘बाटी’ म्हणजे भाकर, आणि ‘आछो’ म्हणजे चांगलं. तीन शब्दांवर मी महिनाभर दुभाष्याचं काम केलं.

ते काम मी किती रसाळपणे केलं हेही सांगायला हवं. माझ्या अनुवादात झमकीबाई फार सुंदर बोलायची. ती तुरीच्या वाळल्या शेंगा खुळखुळाव्यात तशी, बोळक्या तोंडाने, भरभर काहीतरी विचारायची. तिचं वाक्य संपायच्या आत मी मान डोलवून “आछो, याडी, आछो” म्हणायचो आणि सगळ्यांकडे वळून सांगायचो, “म्हणतेय, या जागेत पाऊल टाकलं आणि माहेरी आल्यागत वाटलं.” सुनंदाताईंचे डोळे पाणावत. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडून कल्पनाच्या खिचडीची स्तुती करवली, तिसऱ्या दिवशी तिने सगळ्या जिल्ह्याला पावसाचा आशीर्वाद दिला. असत्याला जर सुगंध असता तर माझ्या अनुवादांना बकुळीचा आला असता.

अडचण एकच होती. झमकीबाई जेवत नसे.

ताट पुढे आलं की ती त्याला हात लावून हात कपाळाला न्यायची आणि ताट हळूच बाजूला सरकवायची. संध्याकाळी घरी जाताना, फाटकाच्या बाहेर पडल्यावर, ओढणीच्या गाठीतली भाकर सोडून चालता चालता खायची. मी आधी सांगितलं, उपास आहे. मग म्हणालो, नवस आहे. मग मात्र देव संपत आले. तिसऱ्या आठवड्यात तिच्या गालांच्या पन्हाळी खोल गेल्या आणि छतावरचे ठिपके दुपारभर जागचे हलेनासे झाले.

“गुरुजी, आज नीट विचारा,” सुनंदाताई एका दुपारी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. “यांना इथे राहायचं आहे की नाही? उपाशी माणसाची जबाबदारी मी नाही घेऊ शकत.”

मी खाकरून घसा साफ केला, आणि मला येणारे तिन्ही शब्द एका दमात, प्रश्नार्थक सुरात म्हटले. ‘याडी, बाटी आछो?’ झमकीबाईने माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. मग बराच वेळ बोलली. भिंतीकडे बोट केलं, चादरींकडे केलं, आपल्या छातीवर हात ठेवला. मला त्यातलं काहीएक कळलं नाही. बाहेर हरभऱ्याचे हिरवे डहाळे कुणी भाजत होतं, त्याचा खरपूस धूर आत येत होता, आणि मला तिकडे जायची घाई होती. मी म्हणालो, “म्हणतेय, तिला इथे करमत नाही. मुलाकडे पाठवा.”

इतकं सहज. पानावरचा थेंब निसटावा तसं ते वाक्य माझ्या तोंडून निसटलं, आणि त्या वाक्याने परसरामचा कोयता मोडला. सुनंदाताईंनी त्याला फडावर फोन लावला. तो शनिवारी येऊन आईला घेऊन जाणार असं ठरलं. म्हणजे पुन्हा पाचटाची कोपी, पुन्हा पौष, पुन्हा तीच भरलेली छाती. हे मला कळत नव्हतं असं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते चांगलंच कळलं. पण सकाळी उठून ‘मी खोटं बोललो’ असं म्हणायला एकाहत्तर वर्षांची अब्रू आडवी आली. माझ्या अब्रूचा देह भलताच स्थूल आहे.

शुक्रवारी सक्रीबाई आली. तिची लेक आणि जावई ऊसतोडीला गेले म्हणून सुनंदाताईंनी तिलाही घेतलं होतं. जीपमधून उतरली, काठी टेकीत फाटकातून आत आली, दाराशी बसलेल्या झमकीबाईला तिने पाहिलं आणि काठी टाकून दिली. झमकीबाई उठली. गेले चार आठवडे जिला उठताना दोन माणसांचा आधार लागायचा, ती एखाद्या वासरासारखी उठली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि तो टाहो सुरू झाला.

कल्पनाने ताट टाकलं. रहीमचाचा, जे एरवी बाजेवरून हलत नसत, ते अनवाणी धावले. “पकडो उनकू, गिर जायेंगे!” आम्ही सगळ्यांनी मिळून त्या दोघींना ओढून वेगळं केलं, तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला. त्या पुन्हा एकमेकींकडे झेपावत होत्या, आम्ही पुन्हा ओढत होतो. त्या रडण्यात एक लय होती, एकीचा सूर खाली आला की दुसरीचा वर जात होता, हे मला तेव्हाही जाणवलं. जाणवलं, पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे लागल्या होत्या.

“गुरुजी, काय झालंय? काय म्हणताहेत त्या?”

“भाऊ वारला,” मी म्हणालो. “झमकीबाईचा भाऊ. एकुलता एक.”

मग काय विचारता! दूरदर्शनसंच बंद झाला. पुरुषांनी टोप्या काढल्या. चुलीवरचा चहा उतरवला गेला. सुनंदाताईंनी सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली, आणि त्या शांततेत मी हात जोडून, डोळे मिटून, माझ्याच कल्पनेतून जन्मलेल्या आणि तिच्यातच मेलेल्या त्या भावाच्या आत्म्याला सद्गती मागितली. तेवढ्यात अंब्युलन्स आली. डॉक्टरांनी दोघींचा रक्तदाब मोजला. दोघींचा उत्तम होता. मग त्यांनी माझ्याकडे बघून माझाही मोजला. तो वाढला होता.

“कोन मेलं वो?” सक्रीबाईने विचारलं.

स्वच्छ, ठणठणीत मराठीत. चाळीस वर्षं तिने आठवडी बाजारात भाजी विकली होती.

“आजी, झमकीबाईंचे भाऊ...” सुनंदाताई हलकेच म्हणाल्या.

“हिला भाऊच न्हाई! आमी एका तांड्यातल्या, एका आडाचं पानी वढलेल्या. लगीन होऊन गेल्यापून आज भेटायलो. आमच्यात बायका लई दिसानं भेटल्या की अशाच भेटत्यात. रडत रडत एकमेकीला सांगायचं, कोन जन्मलं, कोन गेलं, काय सोसलं. अर्धं बी सांगून झालं न्हवतं आन तुमी कांदा कावून हुंगवायले?”

त्यानंतर गोदामात जी शांतता पसरली ती सुनंदाताईंच्या दोन मिनिटांपेक्षा पुष्कळ अस्सल होती. रहीमचाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पांढऱ्या दाढीत एक हसू फार सावकाश उगवलं. “गुरुजी, तुमकू तो उनकी जबान आती बोले थे ना? तीस बरस?”

“आजी,” सुनंदाताईंनी माझ्याकडे न बघता सक्रीबाईला विचारलं, “यांना विचारा, या इथे जेवत का नाहीत?”

सक्रीबाईने विचारलं. झमकीबाई तसंच बोलली, तीच तुरीच्या शेंगांची खुळखुळ, तेच भिंतीकडे बोट, तोच छातीवरचा हात. सक्रीबाईने भिंतीकडे पाहिलं. तिथे ही जागा देणाऱ्या दात्यांच्या दिवंगत मातोश्रींची तसबीर होती. तिला रोज सकाळी ताजा हार आणि उदबत्ती असायची.

“ती म्हनती, आल्या दिसापून बघायले, ह्या घरात मौत झालीय. समदीकडं पांढरं. रोज नवा हार. मान्सं खुर्चीवर नुसती बसून, कुनी कुनाला गळ्याला लावीना, कुनी हसंना, कुनी रडंना. लई मोठं मानूस गेलं आसंल. दुखवट्याच्या घरात जेवू कसं? आपून बी गप बसावं. कोन गेलं, म्हनून ती रोज ह्या मास्तरला इचारायली.” सक्रीबाईने माझ्याकडे बोट केलं. “आन मास्तर रोज म्हनायचा, आछो, आछो.”

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणी हसलं नाही. मी वर पाहिलं. गर्दीमुळे ऊन अडलं होतं आणि छतावर एकही ठिपका नव्हता. एक महिनाभर ही बाई, जिला आम्ही हट्टी, भ्रमिष्ट समजत होतो, ती आमच्या दुःखाचा मान राखत होती. आमच्या नसलेल्या सुतकात तिने आपल्या भुकेला रोज बाहेर फाटकापाशी उभं करून ठेवलं होतं. आमच्या टापटिपीत, आमच्या हळू आवाजातल्या सौजन्यात तिला मृत्यू दिसला. तिच्या भेटीच्या आनंदात आम्हाला तोच दिसला. आणि या दोहोंच्या मध्ये, दोन्हीकडची वाट अडवून, मी उभा होतो.

सुनंदाताई मला काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी एखादी गोष्ट रचून वेळ मारून नेली असती. त्यांनी फक्त स्टुलावर चढून तसबीर उतरवली, पदराने पुसली आणि आपल्या टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवली. हार बाहेर शेळीने खाल्ला. मग त्या दोन म्हाताऱ्यांना म्हणाल्या, “तुमचं राहिलेलं पुरं करा.”

त्यांनी ते पुरं केलं. दुपार कलेपर्यंत. या वेळी कुणी ओढलं नाही. गावाकडच्या आमच्या बाया आधी दुरून बघत होत्या, मग जवळ सरकल्या, मग त्यांतल्या एकीने नुसताच डोळ्यांना पदर लावला, आणि थोड्या वेळाने दिवसघरातली निम्मी माणसं, भाषा कळत नसताना, आपापलं काहीतरी आठवून रडत होती. बाहेर हरभऱ्यावरून वारा येत होता, त्याला एक आंबूस, ओलसर गंध होता. मलाही रडू येत होतं. पण माझं रडणंदेखील कुणी खरं मानलं नसतं, म्हणून मी ते गिळून टाकलं.

शनिवारी परसराम आला. रात्रभराच्या प्रवासाने डोळे लाल, शर्टाला उसाच्या चिकट रसाचे काळे डाग, हातात आईचं गाठोडं न्यायला आणलेली रिकामी पिशवी. तो दारात उभा राहिला आणि पाहत राहिला. आत झमकीबाई चुलीपाशी बसून बाजरीची बाटी थापत होती, सक्रीबाई जाळ लावत होती, आणि कल्पना त्या दोघींच्या शिव्या खात पीठ मळायला शिकत होती. त्याला आईने आधी एक भाकर दिली, मग दुसरी. तो जेवला. पिशवीची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली.

“मंग मी जातो माघारी,” तो सुनंदाताईंना म्हणाला. “सांजची येष्टी घावंल.” फाटकाशी माझ्याजवळून जाताना म्हणाला, “ताई फोनवर म्हनल्या, आईला करमंना आसं तुमी सांगितलं म्हनं. दोन दिस खाडं पडलं बघा.” आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, “चुकलं माझं.” दोनच शब्द. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत छोटी गोष्ट असावी.

तो गेल्यावर मी आत आलो. सगळे जेवायला बसले होते. आता ऊन दारातून सरकत चुलीपर्यंत पोचलं होतं आणि धुरामधून ते आरशांचे ठिपके सगळ्यांच्या अंगावर फिरत होते. रहीमचाचांच्या दाढीवर, कल्पनाच्या पिठाच्या हातांवर, रिकाम्या भिंतीवर. मी झमकीबाईसमोर जमिनीवर बसलो. गुडघे कटकन वाजले.

“सक्रीबाई,” मी म्हणालो, “हिला सांगा. मला हिची बोली येत नाही. कधीच येत नव्हती. महिनाभर मी हिच्या तोंडी माझंच बोलणं घातलं. हिला इथून काढायला मीच कारण झालो होतो. सगळं सांगा, काही गाळू नका.”

सक्रीबाईने सांगितलं. किती सांगितलं, काय सांगितलं, मला कसं कळणार? झमकीबाई हातातली बाटी खाली ठेवून ऐकत होती. मग ती बोलू लागली. बराच वेळ बोलली. मध्येच हसली, मध्येच तिचा आवाज चिरला, एकदा तिने रस्त्याकडे हात केला, एकदा माझ्याकडे, आणि एकदा तिचा हात माझ्या डोक्यापर्यंत येऊन, न टेकता, मागे गेला. त्या वाहत्या बोलण्यात कुठे शिवी होती, कुठे क्षमा, कुठे तिच्या साऱ्या आयुष्याचा रस्ता, मला उमगत नव्हतं. मी मात्र तिच्या ओठांकडे असा एकाग्र होऊन बघत होतो की जन्मात कुणाकडे तसं बघितलं नव्हतं. माझे तिन्ही शब्द तिच्या बोलण्यात येतात का, म्हणून कान लावून बसलो होतो. ते आले नाहीत. ती थांबली, आणि भाकर पुन्हा हातात घेतली.

मी सक्रीबाईकडे वळलो. “काय म्हणाली?”

सक्रीबाईने जाळ पुढे सारला.

“जेवा म्हनती.”